मावळचे मागणे

कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या ओवरीत ब्राह्मी लिपीतील जे लेख कोरलेले आहेत, त्यांपैकी एका लेखाकडे एकवीरेच्या यात्रेकरूंचे किंवा सहलीला आलेल्या मंडळींचे लक्ष सहसा जात नाही. परंतु मावळ प्रांतात हक्क म्हणजे काय आणि तो कोणी कोणाला कसा द्यावा, या प्रश्नाचा विचार ज्याला करावयाचा असेल, त्याने आरंभ त्या लेखापासूनच केला पाहिजे, असे मला वाटते. सातवाहन राजाने (बहुतेक विद्वान तो गौतमीपुत्र सातकर्णी असल्याचे मानतात) मामल येथील आपल्या अमात्याला पाठविलेली ती आज्ञा आहे, आणि हे मामल म्हणजेच आजचे मावळ. वलूरक लेण्यांत, म्हणजे कार्ल्यासच, राहणाऱ्या भिक्षूंना करजक गावची जमीन दिल्याचे त्यात सांगितले आहे. पण राजा एवढ्यावर थांबत नाही. त्या जमिनीत कोणा सरकारी माणसाने शिरू नये, तिला हात लावू नये, मिठासाठी ती खणू नये, मुलुखाच्या अंमलदारांनी तिच्यात ढवळाढवळ करू नये, अशी बंधने तो आपल्याच नोकरांवर घालतो. याच गावाचे दान त्यापूर्वी नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने, लेण्यांत वर्षावास करणाऱ्या चारी दिशांच्या संघाच्या निर्वाहाकरिता दिले होते, आणि सातवाहन तर त्या क्षत्रपांचे हाडवैरी. राज्य पालटले, वैऱ्याचा उच्छेद झाला, तरी त्या वैऱ्याने भिक्षूंना दिलेला शब्द नव्या राज्याने आपला म्हणून पुढे चालविला.

हक्क या गोष्टीचे मर्म मला या दोन दानांत दिसते. देणाऱ्याने 'दिले' म्हणून मोकळे व्हायचे नसते. घेणाऱ्याला ते निर्वेधपणे उपभोगता यावे म्हणून आड येणारे आपलेच हात त्याने आवरून धरायचे असतात, आणि आपल्यामागून गादीवर येणाऱ्यानेही तो शब्द पाळावा अशी तजवीज करून ठेवायची असते. मावळात गेल्या पावणेदोनशे वर्षांत रेल्वे आली, वीज आली, धरणे आली, द्रुतगती मार्ग आला, आणि प्रत्येक वेळी या डोंगरातल्या माणसाला काही ना काही देऊ करण्यात आले, हे नाकारता येत नाही. परंतु जे देऊ केले ते हक्क म्हणून की मेहेरबानी म्हणून, आणि ते पदरात पाडून घेण्याची यातायात कोणाच्या माथी आली, याची चौकशी करीत जो जो मागे जावे, तो तो मन विषण्ण होते.

लेण्यांपासून काही मैलांवर, खंडाळ्याच्या घाटात, १८५६ साली आगगाडीच्या मार्गाचे काम सुरू झाले. पंचवीस बोगदे खणून, दऱ्यांवर पूल बांधून, बोरघाटाचा हा मार्ग १८६३ च्या एप्रिल महिन्यात पुरा झाला, आणि काम भरात असताना चाळीस हजारांहून अधिक माणसे एकाच वेळी तेथे राबत होती. पटकी आणि हिवताप यांनी त्यांतली हजारो माणसे दगावली. कंत्राटदाराखाली पोटकंत्राटदार, त्याच्याखाली मुकादम, अशा उतरंडीतून मजुरी झिरपत येई, आणि पुष्कळदा ती वाटेतच मुरून जाई. आठवडेच्या आठवडे पगार थकल्यामुळे १८५९ च्या आरंभी मजुरांनी घाटात दंगा केला आणि युरोपियन देखरेख्यांशी त्यांची मारामारी झाली. पुढच्याच वर्षी सरकारने १८६० चा नववा कायदा केला. रेल्वे, कालवे आणि इतर सार्वजनिक बांधकामांवरील मजुरांच्या वेतनाच्या तक्रारींचा निकाल मॅजिस्ट्रेटने तातडीने लावावा, अशी तरतूद त्यात होती, आणि ती खरोखरच त्या काळाच्या मानाने मोठी होती. परंतु त्याच कायद्याने करार मोडून काम सोडणाऱ्या मजुराला तुरुंगाची शिक्षा ठेवली. मालकाने पैसे बुडविले तर ते दिवाणी देणे आणि मजूर निघून गेला तर तो फौजदारी गुन्हा, ही जी विषमता त्या कायद्याच्या पोटात होती, ती पुढे निरनिराळ्या रूपांत मावळाने अनुभवली आहे.

घाटमाथ्यावरच्या पाण्याकडे उद्योगपतींची दृष्टी वळली ती विसाव्या शतकाच्या प्रारंभी. सह्याद्रीच्या कड्यापासून हाकेच्या अंतरावर उगम पावूनही पूर्वेकडे वाहणाऱ्या नद्या अडवाव्यात, त्यांचे पाणी उलट पश्चिमेकडे फिरवून सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडावे, आणि त्या पडत्या पाण्यावर वीज करून मुंबईच्या गिरण्या चालवाव्यात, अशी ती भव्य कल्पना होती. १९११ साली लोणावळ्यास मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांनी कोनशिला बसविली, लोणावळा, वळवण आणि शिरोता ही तळी बांधली गेली, आणि १९१५ साली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. पाठोपाठ आंद्रा खोऱ्यात ठोकरवाडीचे धरण झाले आणि त्याची वीज भिवपुरीहून निघू लागली. मग पाळी आली मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाची, म्हणजे मुळशी पेट्याची.

मुळशीचा सत्याग्रह हा महाराष्ट्राच्या इतिहासातला असा अध्याय आहे की ज्याचे नाव सर्वांना ठाऊक असते आणि तपशील फार थोड्यांना. टाटांच्या वीज कंपनीची माणसे पहिल्यांदा पेट्यात आली, तेव्हा त्यांनी जमीनमालकांना साधी पूर्वसूचना देण्याचीही तसदी न घेता शेतांत चाचणीचे चर खणले. आधी खणावे आणि मग विचारावे, हा क्रम ज्या दिवशी रूढ झाला, त्या दिवशीच पुढच्या साऱ्या संघर्षाचे बीज पडले. भातशेतीची ही खाचरे, ज्यांतला आंबेमोहोर पुण्याच्या घरोघरी जाई, सुमारे पन्नास गावांची होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, हजाराहून अधिक मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले आणि काम बंद पडले. 'जान किंवा जमीन' ही त्यांची घोषणा. विनायकराव भुस्कुटे यांनी गावोगाव हिंडून ही माणसे उभी केली होती, पांडुरंग महादेव बापट यांना लोकांनी 'सेनापती' म्हटले ते याच लढ्यात, न. चिं. केळकर आणि शि. म. परांजपे यांच्यासारखी पुण्याची मातबर मंडळी त्यांच्या पाठीशी होती. गांधींनी 'यंग इंडिया'मधून टाटांना विनविले की कायद्याने मिळालेल्या अधिकारावर अडून न राहता आपल्या दुबळ्या देशबांधवांच्या इच्छेला मान देण्यातच त्या थोर घराण्याचे देशकार्य अधिक होईल. ही विनंती व्यर्थ गेली. काही महिन्यांच्या तहकुबीनंतर काम पुन्हा चालू झाले, सत्याग्रह्यांची धरपकड झाली, बायकाही तुरुंगात गेल्या. आणि १९२४ च्या अखेरीस, लढा क्षीण झाला असताना, बापटांनी मोजक्या सोबत्यांनिशी धरणाच्या कामावरची आगगाडी अडविली व सात वर्षांची सजा पत्करली. १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले.

हा लढा भांडवलशाही विरुद्ध शेतकरी असा सरळ रेषेत मांडण्याचा प्रघात आहे. पण प्राध्यापक राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहावर जे परिश्रमपूर्वक लेखन केले, त्यातून एक अधिक कटू सत्य पुढे येते, आणि त्याकडे पाठ फिरविणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. मुळशीची पुष्कळशी जमीन कागदोपत्री मावळ्यांची नव्हतीच. ती पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेली किंवा त्यांच्या नावावर चढलेली होती, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती कसणारा मावळा हा आपल्याच वडिलोपार्जित शेतावर कूळ होऊन बसला होता. मोबदल्याची रक्कम वाढू लागली तसतसा सावकारांचा ओढा सत्याग्रहाकडून मोबदल्याकडे वळला. कारण १८९४ चा भूसंपादन कायदा ज्याच्याजवळ कागद त्यालाच ओळखत होता, आणि ज्याच्या घामाने खाचरे बांधली गेली त्याला देण्यासारखे त्या कायद्यापाशी काहीच नव्हते. जमिनीबद्दल जमीन देण्याची अट नाही, नवे गावठाण वसविण्याची अट नाही, शेतमजुराचा आणि बलुतेदाराचा तर नामनिर्देशही नाही. बाजारभावाने किंमत आली की सरकारचे कर्तव्य पुरे. ती किंमत सावकाराच्या घरी गेली आणि मावळा कोठे डोंगरात वर सरकून, कोठे मुंबईची वाट धरून, विखुरला. ज्याचे नुकसान झाले तो एक आणि ज्याला भरपाई मिळाली तो दुसरा, हे मुळशीत घडले ते कायदा मोडून नव्हे, कायदा अक्षरशः पाळून घडले. म्हणून मला ते अधिक भयंकर वाटते.

स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कसणाऱ्याला मालकीचा मार्ग खुला झाला, आणि मावळातही कितीतरी कुळे खातेदार झाली. वाटले होते की आता कागद आणि घाम यांची गाठ पडली. याच सुमारास पवना खोऱ्यात नव्या धरणाची आखणी होत होती.

लोणावळ्याहून दुधिवरे खिंड ओलांडून खाली उतरले की पवनेचा जलाशय दृष्टीस पडतो. एका अंगाला लोहगड आणि विसापूर, समोर तुंग आणि तिकोना, आणि मध्ये हे विस्तीर्ण पाणी. मावळात याहून रमणीय स्थळ मला तरी माहीत नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरले की वाघेश्वराचे पुरातन मंदिर उघडे पडते, आणि मग लोक त्याची छायाचित्रे काढण्यासाठी गर्दी करतात. काठाकाठाने तंबूंच्या वसाहती उठल्या आहेत, बंगले झाले आहेत, शनिवार-रविवारी पुण्यामुंबईच्या मोटारींना रस्ता पुरत नाही. या रमणीयतेला माझा विरोध नाही. सौंदर्य पाहण्याचा अधिकार सर्वांचा आहे. परंतु हे पाणी ज्यांच्या खाचरांवर उभे आहे, त्यांचा हिशेब सरकारने केव्हा आणि कसा चुकता केला, हे विचारल्यावाचून ते सौंदर्य निर्मळ मनाने पाहता येत नाही.

हिशेब असा आहे. १९७२ च्या सुमारास हे धरण पुरे झाले. सरकारदप्तरी बाधित खातेदारांची संख्या १२०३ आहे. त्यांपैकी ३४० जणांना पर्यायी जमिनी देण्यात आल्या, आणि ८६३ खातेदार जमिनीवाचून राहिले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा पहिला कायदा झाला तो १९७६ साली, म्हणजे पवनेचे पाणी अडल्यानंतर; पुढे १९८६ मध्ये आणि त्याहीनंतर १९९९ मध्ये तो नव्याने करण्यात आला. 'आधी पुनर्वसन, मग धरण' ही जी मागणी बाबा आढाव, दत्ता देशमुख, नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर अशा कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रभर दुमदुमविली, ती कोयना आणि पवना यांसारख्या धरणांच्या दुःखद अनुभवातूनच रुजली होती. म्हणजे ज्यांच्या हालांतून कायदा जन्मला, तेच त्याच्या लाभापासून दूर राहिले. धरण आधीचे आणि कायदा नंतरचा, म्हणून त्यांची मागणी ही नियमात बसणारा हक्क न राहता सहानुभूतीने विचार करण्याजोगी बाब झाली, आणि सहानुभूतीला मुदत नसते.

अर्धशतकाचा विलंब म्हणजे नेमके काय, हे ज्याने कचेरीचे जिने झिजविले नाहीत त्याला चटकन उमगत नाही. ज्या खातेदाराच्या नावे निवाडा झाला तो आज बहुधा हयात नसतो. त्याच्या मागे वारसनोंद करावी लागते. मुलगे, मुली, आधीच निवर्तलेल्या मुलाची बायको आणि तिची मुले, सासरी दूर गेलेल्या बहिणींच्या सह्या, सारे जमवावे लागते. जुन्या उताऱ्यात नाव एका तऱ्हेने लिहिलेले, शाळेच्या दाखल्यात दुसऱ्या, आधारपत्रात तिसऱ्या. मग प्रतिज्ञापत्र आले. बुडालेल्या गावचा सातबारा कोणत्या तलाठ्याकडे मागावा, इथून आरंभ. पवनानगरहून वडगावला तहसील कचेरीत यावे, तेथून प्रांताकडे, तेथून पुण्याला जिल्हा पुनर्वसन शाखेत. साहेब बैठकीला गेलेले असले की दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे दोन्ही वाया. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के राखीव जागांसाठी प्रकल्पग्रस्ताचा जो दाखला मिळतो, तो एका कुटुंबातल्या एकालाच. तो कोणाच्या नावे काढावा यावरून सख्ख्या भावांत वितुष्ट आल्याच्या कथा धरणांच्या खोऱ्यांतून सर्वत्र ऐकू येतात. आणि एवढे करून एखाद्याला एक एकर जमीन मिळालीच, तर ती चाळीस गुंठे जमीन नातवंडा-पतवंडांत वाटताना एकेकाच्या वाट्याला चुलीपुरतीही जागा येत नाही. विलंबाने हक्क नुसता लांबत नाही, तो आकारानेही झिजतो. ज्या सरकारने त्या काळी जमिनीचा ताबा घेण्याची तत्परता दाखविली, त्याच सरकारला ती परत देताना दोन पिढ्या लागाव्यात, याला प्रशासकीय दिरंगाई हे सौम्य नाव देणे मला मान्य नाही.

या साचलेल्या अविश्वासाचा स्फोट ९ ऑगस्ट २०११ रोजी झाला. पवना धरणातून पिंपरी-चिंचवड शहरासाठी थेट निगडीपर्यंत सुमारे पस्तीस किलोमीटरची बंद जलवाहिनी टाकण्याची योजना होती. तोवर धरणातले पाणी नदीत सोडले जाई आणि रावेतच्या बंधाऱ्यावर शहर ते उचलून घेई. त्या वाहत्या पाण्यावर वाटेतल्या गावांची शेती आणि विहिरी जगत. पाणी नळात कोंडले तर नदी कोरडी पडेल ही शेतकऱ्यांची भीती, आणि जलवाहिनीसाठी पुन्हा एकदा जमीन जाणार हा संताप. शहराचीही बाजू होती: उघड्या पात्रातून येताना पाणी दूषित होते आणि वायाही जाते. या दोन बाजूंची समोरासमोर बसून तडजोड व्हावी, असे काहीच त्यात अशक्य नव्हते. परंतु क्रांतिदिनी बौर गावाजवळ द्रुतगती मार्गावर शेतकरी उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, आणि त्यात तीन माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत एक स्त्री होती. योजनेला स्थगिती मिळाली ती बारा वर्षे टिकली, आणि २०२३ साली राज्य सरकारने ती उठविली. त्या बारा वर्षांत ८६३ खातेदारांचा जुना हिशेब पुरा केला असता, तर जलवाहिनीचा प्रश्न घेऊन मावळात जाणाऱ्या अधिकाऱ्याला मान वर करून बोलता आले असते.

आता या साऱ्याकडे ज्या दृष्टीने पाहावे असे मला वाटते, ती दृष्टी भूसंपादनाच्या कायद्यातून आलेली नाही. ती दिव्यांगांच्या हक्कांच्या कायद्यातून आली आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली दिव्यांगांच्या हक्कांचा करार केला, पुढच्याच वर्षी भारताने तो मान्य केला, आणि २०१६ साली आपल्या संसदेने त्याला अनुसरून कायदा केला. 'वाजवी सोय' ही त्याची एक मध्यवर्ती कल्पना. नियम सर्वांना सारखा लावला म्हणजे न्याय झाला असे होत नाही. ज्याला त्या नियमाने अडथळा होतो, त्याच्यासाठी आवश्यक तो फेरबदल करून देणे हे नियम चालविणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि तो फेरबदल नाकारायचा असेल तर त्याने आपल्यावर अवाजवी भार पडतो हे दाखवून दिले पाहिजे, असे ती सांगते. अमेरिकेत ही कल्पना प्रथम धर्माचरणाच्या संदर्भात पुढे आली. कामगाराला त्याच्या धर्माचा विश्रांतिवार पाळता यावा म्हणून मालकाने वेळापत्रकात बदल करावा, असे १९७२ मध्ये तिथल्या कायद्यात घालण्यात आले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली, लिहिताना हात आखडण्याची व्याधी असलेल्या एका परीक्षार्थीला लेखनिक देण्यास केंद्रीय लोकसेवा आयोगाने नकार दिला असता, अपंगत्वाच्या टक्केवारीची ठरावीक मर्यादा गाठली नाही म्हणून ही सोय नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. वाजवी सोय ही कृपा नसून राज्यावरचे बंधन आहे, हा त्या निकालाचा आशय.

सिद्धतेचे ओझे दुबळ्याच्या खांद्यावरून उचलून बलवानाच्या खांद्यावर ठेवणे, हे या कल्पनेचे मोठेपण. ती दिव्यांगांपुरतीच मर्यादित राहावी असे मला वाटत नाही. लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीच्या दुकानांतून सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्याने काम करणाऱ्या मुलींना गिऱ्हाईक नसताना बसण्यासाठी स्टूल देणे हा मालकावर कोणता भार? केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कामगारांच्या बसण्याच्या सोयीची तरतूद कायद्यातच केली. वनहक्क कायद्याचे उदाहरण तर आपल्या दाराशीच आहे. मावळच्या डोंगरउतारांवर कातकऱ्यांच्या आणि ठाकरांच्या वाड्या आहेत. कातकरी ही महाराष्ट्रातील अतिदुर्बळ आदिम जमातींपैकी एक. पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगलेल्या या माणसांपाशी कागद कोठून असणार? २००६ च्या वनहक्क कायद्याखाली जे नियम झाले, त्यांनी ही अडचण ओळखली आणि गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी उतरवून घेतलेला जबाबही पुरावा म्हणून ग्राह्य धरला. प्रत्यक्ष अंमलबजावणीत या तरतुदीची पायमल्ली होते ही गोष्ट वेगळी. पण कायद्याने एकदा तरी खाली वाकून निरक्षर माणसाचा शब्द ऐकण्याची तयारी दाखविली, हे मला फार मोलाचे वाटते.

आता हेच माप पवनेच्या काठी लावून पाहावे. वारसांनी पुण्याला खेटे घालण्याऐवजी महसूल अधिकाऱ्यांनी दप्तर घेऊन पवनानगरला येऊन बसणे, यात सरकारवर कोणता अवाजवी भार पडतो? जुने निवाडे सरकारच्याच दप्तरखान्यात आहेत. त्यांच्या नकला वारसाने मिळवून आणाव्यात, हा आग्रह कशासाठी? नावातील काना-मात्रेच्या फरकावर अडून न बसता गावच्या चार वृद्धांचा जबाब प्रमाण मानण्यास काय हरकत आहे? जे कातकऱ्याला चालते ते धरणग्रस्ताला का चालू नये? संपादित झाली पण पाण्याखाली गेली नाही अशी जी जमीन जलाशयाच्या काठी आहे, तिच्यावर पहिला अधिकार कोणाचा, हे ठरविण्यासाठी आणखी किती समित्या बसवायच्या? यांपैकी एकाही मागणीला नव्या धरणाइतका पैसा लागत नाही. लागते ती फक्त एक कबुली, की घेताना आपण पुढे होतो तर देतानाही पुढे झाले पाहिजे.

२०१३ चा भूसंपादन कायदा हा १८९४ च्या कायद्यापेक्षा पुष्कळच मानवी आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ग्रामीण भागात बाजारभावाच्या चौपटीपर्यंत मोबदला, सामाजिक परिणामांचे पूर्वमूल्यमापन, खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी ८० टक्क्यांची संमती, आणि ज्यांच्या नावे जमीन नाही पण जे तिच्यावर पोसले जातात त्या कुळांना व शेतमजुरांनाही बाधित मानणे, या तरतुदी मुळशीच्या मावळ्यांना लाभल्या असत्या तर त्यांचा इतिहास निराळा झाला असता. परंतु नवा कायदा पुढच्यांसाठी आणि मागच्यांसाठी केवळ आश्वासने, ही वाटणी राज्यसंस्थेला शोभत नाही. कार्ल्याच्या लेखातील राजाने शत्रूने दिलेले दान पाळले. आमच्या सरकारला तर आपल्याच पूर्वसूरींनी, आपल्याच राजमुद्रेखाली दिलेला शब्द पाळावयाचा आहे.

म्हणून सरकारकडे माझी मागणी अगदी मर्यादित आहे. त्या ८६३ खातेदारांची नावे, त्यांची संपादित जमीन, त्यांना मिळालेले आणि मिळावयाचे क्षेत्र, ही यादी पवना खोऱ्यातील प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखवावी. वारसनोंदीचे काम सरकारने आपल्या खर्चाने, गावात येऊन, ठरलेल्या मुदतीत पुरे करावे. आणि एखाद्याला जमीन नाकारायची असल्यास त्याचे कारण अधिकाऱ्याने आपल्या सहीने लिहून द्यावे. आणि वाचकहो, तुमच्यापैकी जे पिंपरी-चिंचवडचे रहिवासी असतील, त्यांच्या घरी रोज सकाळी येणारे पाणी पवनेचे आहे. पाणीपट्टी भरली म्हणजे आपला संबंध संपला असे समजू नका. महापालिकेच्या निवडणुकीत मत मागायला जो उमेदवार तुमच्या दारी येईल, त्याला जलवाहिनी कधी होणार हे विचारण्याच्या आधी, त्या खातेदारांच्या जमिनीचे काय झाले हे विचारा.